कामट्यांची चांदणी

सण कोणाचाही असो, तो जवळ आला म्हणजे माणसाला आपले घर सजवावेसे वाटते. दिवाळीत आपण आकाशकंदील टांगतो, पोळ्याला बैलांची शिंगे रंगवितो. त्याचप्रमाणे २५ डिसेंबर रोजी, नाताळच्या सणाला, ख्रिस्ती बांधवांच्या दारावर चांदणी झळकते आणि घरात गोठ्याचा देखावा मांडला जातो. आपला वाशीम जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. कारंज्याला दत्तभक्तांची रीघ लागते, पोहरादेवीला बंजारा समाजाची यात्रा भरते, शिरपूरला जैन यात्रेकरू येतात, आणि वाशीम शहरात नाझरेन मिशनचे रुग्णालय आहे. अशा या जिल्ह्यातील मुलांना शेजाऱ्याच्या सणाची ओळख असणे अगत्याचे आहे. आणि हाताने एखादी वस्तू करून पाहण्यासारखी दुसरी ओळख नाही.

चांदणी आणि गोठाच का, हे प्रथम समजून घेऊ. बायबलातील कथा अशी की, येशूच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईवडिलांना बेथलेहेम गावातील उतारशाळेत जागा मिळाली नाही. म्हणून मरियेने आपल्या बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजविले. पुढे पूर्वेकडील काही ज्ञानी पुरुष एका ताऱ्याच्या अनुरोधाने त्या बाळाच्या दर्शनास आले. दारावरची चांदणी ही त्या ताऱ्याची खूण होय. गोठ्याचा देखावा लोकप्रिय केला तो इटलीतील संत फ्रान्सिस यांनी. १२२३ साली ग्रेच्चो या गावी त्यांनी गव्हाण, गवत आणि जिवंत बैल व गाढव आणून हा प्रसंग लोकांपुढे उभा केला. ही कथा मराठीलाही जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले. ते मराठी ओव्यांत रचलेले आहे.

आता चांदणी कशी करावयाची ते पाहू. बुरुडाकडून बांबूच्या, बोटाएवढ्या रुंदीच्या दहा कामट्या आणाव्यात. प्रत्येक कामटी ६० सेंटिमीटर लांबीची असावी. कामटीची कड धारदार असते, म्हणून ती तासून गुळगुळीत करण्याचे काम मोठ्या माणसांनी करावे. मग प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर एकेक खूण करावी. दोन खुणांच्या मध्ये १४ सेंटिमीटर अंतर उरेल. पाच कामट्या एकमेकींवर तिरप्या मांडून, त्यांची टोके टोकांशी आणि खुणा खुणांशी जुळविल्या की पाच टोकांची चांदणी आपोआप तयार होते. तिचे प्रत्येक टोक ३६ अंशांचे असते.

येथे एक गंमत करून पाहावी. प्रथम केवळ पाच टोकेच दोऱ्याने बांधावीत आणि चांदणी हातात धरून हलवावी. ती खिळखिळी होऊन वाकडीतिकडी होते. नंतर कामट्या जेथे एकमेकींना छेदतात तेथेही गाठी माराव्यात. आता ती जागची हलत नाही. असे का व्हावे? पाच बाजूंची आकृती कोपऱ्यांत दुमडू शकते, परंतु तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोणाचा आकार बदलत नाही. छेदावर गाठ पडताच चांदणीचे प्रत्येक टोक त्रिकोण बनते. घराच्या छपराच्या कैच्या आणि लोखंडी पूल याच तत्त्वावर उभे असतात.

अशा दोन चांदण्या कराव्यात, एकीवर एक ठेवून त्यांची टोके बांधावीत आणि पाचही छेदांच्या ठिकाणी दोहोंमध्ये १० सेंटिमीटरच्या लहान काड्या उभ्या बसवाव्यात. चांदणी मध्यभागी फुगते आणि तिच्या पोटात दिव्याला जागा होते. पुढे पतंगाचा कागद चिकटवावयाचा. पुढच्या व मागच्या बाजूंना मिळून दहा त्रिकोण व दोन पंचकोन लागतात, आणि कडांच्या फटींसाठी दहा अरुंद त्रिकोण. एकूण तुकडे २२. प्रत्येक तुकडा दुमडण्यापुरता, सुमारे एक सेंटिमीटर, मोठा कापावा. वरचा एक आणि खालचा एक अरुंद त्रिकोण न चिकटविता मोकळा सोडावा. त्यांतून दिवा आत जातो आणि उष्ण हवा बाहेर पडते. खळ मैद्याची, ताजी शिजविलेली असावी. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, पण ते विष आहे. घरात लहान मुले असतात, म्हणून ते घालू नये. दिवा एलईडीचा असावा. तो फार तापत नाही. पणती किंवा मेणबत्ती मात्र कागदाच्या चांदणीत कधीही ठेवू नये.

अशा चांदण्या जगात इतरत्रही होतात. जर्मनीतील नीस्की या गावच्या एका शाळेत १८३० नंतरच्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून अनेक टोकांची कागदी चांदणी करविण्यात आली, आणि पुढे तीच नाताळची शोभा ठरली. फिलिपिन्स देशात बांबू आणि कागद यांचीच चांदणी दारोदार लावतात. तिला तेथे ‘पारोल’ म्हणतात.

गोठ्यासाठी तर बाजारात जाण्याचेही कारण नाही. ज्वारीचे धांडे, तुरीच्या तुराट्या आणि मूठभर कडबा एवढ्यावर छप्पर उभे राहते. चित्रे मातीची करावीत. आपली काळी माती ओली असता फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिच्या मूर्तीला भेगा पडतात. तीत थोडी वाळू व बारीक चिरलेले तणस मिसळावे आणि मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी, म्हणजे भेगा कमी पडतात. काही घरी गोठ्यावर बर्फ म्हणून कापूस पसरतात. ही चाल युरोपातील थंडीची आहे. पण वऱ्हाडात कापसाला काय तोटा! तो दिव्यापासून दूर ठेवला म्हणजे झाले.

या कामात घरातील प्रत्येकाला वाटा मिळतो. आजोबा कामटी तासतात, आई खळ शिजविते, थोरली बहीण मापे घेते, धाकटा भाऊ गाठीवर बोट ठेवून दोरा धरतो. अक्षर न वाचणारी आजीही मातीचा बैल असा करते की तो पाहून शिकलेल्यांनी थक्क व्हावे. बाजारातील प्लॅस्टिकची चांदणी झटपट मिळते, हे खरे. पण तिचे टोक मोडले की ती उकिरड्यावर जाते. घरच्या चांदणीचा कागद फाटला तर पुढील वर्षी त्याच कामट्यांवर नवा चढविता येतो. शिवाय विकत घेतलेली वस्तू घरात पैसा असेल तरच येते, आणि सणाच्या दिवशी ज्या घरात पैसा नसतो तेथील मुलाचे तोंड उतरते. ज्या बाळाची ही जन्मकथा आहे ते स्वतः पाहुण्याच्या जागेसाठी पारखे झालेले होते. त्याच्या सणाची शोभा गरिबाच्या हातून होण्यासारखी असावी, हेच योग्य नव्हे काय?

बालमित्रांनो, कामटी तासण्याची आणि गाठ मारण्याची विद्या एका धर्माची नाही. दिवाळीचा आकाशकंदील ज्या हातांनी होतो त्याच हातांनी नाताळची चांदणी होते. तुमच्या आळीत कोणाकडे नाताळ असेल तर डिसेंबरच्या सुट्टीपूर्वी त्यांच्याकडे जा, दोऱ्याचे एक टोक धरा आणि विचारा, “काकू, कामट्या किती आणू?”