दोन टनांची कॅडिलॅक आणि चार बलून

१९५७ साली कॅडिलॅकने ‘एल्डोराडो ब्रूम’ बाजारात आणली तेव्हा तिची किंमत होती १३,०७४ डॉलर. छत स्टेनलेस स्टीलचं आणि चारही चाकांवर पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवा. १९५७ आणि १९५८ मिळून अशा ७०४ गाड्या तयार झाल्या. कंपनीला जे जे सुचलं ते सगळं तिच्यात होतं, आणि त्यातली हवाच सगळ्यात आधी दगा देऊन गेली. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका अंगावर कललेली सापडे. व्हॉल्वमधून, सांध्यांतून हवा पाझरायची. अनेक मालकांनी शेवटी कंटाळून सगळी व्यवस्था उपटली आणि साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. १९५८ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोलेपासून ब्यूइकपर्यंत आपल्या सगळ्या गाड्यांना हवेचं सस्पेन्शन जादा पैसे घेऊन देऊ केलं होतं. तेही फार टिकलं नाही.

आज नेमका उलटा प्रवास चालू आहे. कारखान्यातून कॉइल स्प्रिंगांवर आलेल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या कॅडिलॅक, लिंकन, ब्यूइक घेऊन अमेरिकेतले हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये त्यांना हवा बसवतात. त्यात पैसेवाले थोडे, पगारदार जास्त. गाडी जुनी म्हणून परवडलेली असते आणि उरलेल्या पैशांत हे काम बसवायचं असतं. ते उत्तम जमलेलंही दिसतं आणि जीव धोक्यात घालणारंही. दोन्हींतला फरक एकूण खर्चाचा नसतो, तो खर्च कुठे झाला याचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणादाखल १९६५ ची कॅडिलॅक डव्हिल घेऊ. लांबी साडेपाच मीटरहून जास्त, वजन दोन टनांच्या आसपास, सात लिटरचं व्ही-८ इंजिन. चारही कोपऱ्यांवर कॉइल स्प्रिंगा, त्यामुळे मागे पाटे असलेल्या गाड्यांपेक्षा इथे काम सोपं. ज्या खोबणीत स्प्रिंग बसते तिथेच रबरी बलून बसतो. आपल्याकडे बस-ट्रकवाले मेकॅनिक त्याला बलूनच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. वर-खाली पोलादी तबकड्या, मध्ये दोऱ्यांच्या थरांनी मजबूत केलेलं रबर, आणि हवेसाठी एक भोक.

आधी या हवेचा गुण समजून घ्यायला हवा. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा कारखान्यात ठरतो आणि तोच राहतो. मागे चार माणसं आणि डिकीत सामान आलं की गाडी बसते आणि तिचं डोलणं संथ, भोंगळ होतं. हवेच्या स्प्रिंगमध्ये वजन वाढलं की आपण दाब वाढवून उंची पहिल्याइतकी करतो, आणि दाबाबरोबर कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो. रिकामी असो वा भरलेली, गाडी जवळपास सारख्याच लयीत वरखाली होते. आरामदायी मोठ्या गाडीत ही लय सेकंदाला साधारण एक ते सव्वा वेळा असते. ऐषआरामी गाडी बनवणाऱ्यांना हवेचा मोह पडला तो यासाठी. गाडी जमिनीवर लोळवणं हा नंतर लागलेला शोध.

दाबाचा हिशेब कागदावर करता येतो आणि काम सुरू करण्यापूर्वी तो करायलाच हवा. डव्हिलच्या पुढच्या एका चाकावर अंदाजे साडेपाचशे किलो भार धरा. पण पुढची स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते, चाकापाशी नाही. तरफेच्या नियमाने तिच्यावर दुप्पट, म्हणजे अकराशे किलो येतात. बलूनचं कामाचं क्षेत्रफळ १६० चौरस सेंटिमीटर असेल तर दाब लागतो दर चौरस सेंटिमीटरला सातेक किलो. टायरवाल्याच्या भाषेत जवळजवळ शंभर पौंड. मागे बलून थेट एक्सलवर असतो, तिथे साडेचारशे किलोला चाळीस पौंड पुरतात. एकाच गाडीत, एकाच मापाच्या बलूनना इतका वेगळा दाब! हा हिशेब न करणारा माणूस पुढेमागे सारखाच छोटा बलून घेतो आणि मग पुढचा कायम फुगून दगड झालेला असतो.

दगड होण्याचं दुसरंही एक कारण आहे. बलूनमधल्या हवेचं आकारमान जितकं कमी तितका तो कडक. गाडी दिसायला छान म्हणून खूप खाली ठेवून चालवली की चेपलेल्या बलूनमध्ये हवा थोडीच उरते आणि प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचतो. मऊ चाल हवी म्हणून हवा बसवायची आणि खाली दिसावी म्हणून तीच चाल घालवायची, हे मला कधीच पटलेलं नाही. उभी असताना हवी तेवढी खाली बसवावी. चालवताना मात्र बलूनला मोकळा श्वास द्यावा.

या कामातला सगळ्यात अवघड भाग असतो शॉकअपचा, आणि बजेटच्या कामात नेमका तोच गाळला जातो. या गाड्यांत पुढचा शॉकअप कॉइल स्प्रिंगच्या पोटातून जातो. स्प्रिंगच्या जागी बलून आला की शॉकअपला जागाच उरत नाही. मग त्याचा वरचा-खालचा आधार नव्याने बनवून तो बाजूला न्यावा लागतो. जाड पत्रा, चांगलं वेल्डिंग, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे काही अडत नाही याची खात्री करावी लागते. म्हणून काही जण शॉकअप सरळ काढून टाकतात. “हवाच आहे, ती धक्के खातेच की,” असं त्यांचं म्हणणं. हे साफ चूक आहे. हवा धक्का झेलते आणि परत देते, जिरवत नाही. जिरवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्याशिवाय दोन टनांची गाडी एका उंचवट्यावरून गेली की डोलतच राहते, चाक रस्ता सोडतं आणि ब्रेक दाबला तरी पकड मिळत नाही. चार पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, रिमोटमध्ये वाचवा, इथे नको.

पैसा वाचवण्यासारखी जागा आहे ती नियंत्रणात. चाकागणिक उंची मोजणारे सेन्सर, छोटा संगणक, मोबाइलवरून चालणारी यंत्रणा हे सगळं मिळतं आणि महाग असतं. त्याऐवजी डॅशबोर्डखाली चार हाताचे व्हॉल्व आणि दुहेरी काट्यांचे दाबमापक लावले तरी गाडी तितकीच मऊ चालते. शिवाय वायरिंग कमी, बिघाड शोधायला सोपा. एकच पथ्य पाळायचं. चार कोपरे म्हणजे चार स्वतंत्र व्हॉल्व. पुढच्या दोन बलूनना एकच व्हॉल्व आणि मध्ये एक नळी, असा सोपा मार्ग पुष्कळ जण काढतात. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो, त्या बलूनमधली हवा नळीतून आतल्या बलूनमध्ये पळते, बाहेरची बाजू आणखी बसते आणि आतली आणखी उचलते. घाटातल्या उताराच्या वळणावर हे काय करील ते सांगायला नको.

कॉम्प्रेसर बारा व्होल्टचा, एक चांगल्या जातीचा पुरतो. टाकी पाच गॅलनची, म्हणजे एकोणीस लिटरची, डिकीत सहज मावते. या गाडीच्या डिकीत तर आणखी पाहुणे मावतील. कॉम्प्रेसरला जाड वायर, रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच, कारण सुरू होताना तो भरपूर करंट ओढतो. टाकीवर जादा दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व असल्याशिवाय ती भरायची नाही.

आता पाणी. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत थंड होऊन पाणी होते. ते टाकीतून नळीत, नळीतून व्हॉल्वमध्ये जातं, गंज धरतं आणि गंजाचा एक कण व्हॉल्वच्या तोंडाशी अडकला की हवा गळायला लागते. थंड प्रदेशात तर ते गोठून व्हॉल्वच जाम होतो. टाकीच्या तळाशी तोटी आणि व्हॉल्वच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर, एवढ्यावर हे थांबतं. तोटी मात्र नियमाने उघडायला हवी. पहिल्यांदा उघडली की तपकिरी पाण्याची पिचकारी उडते आणि मालकाला तिची गरज पटते.

गळतीचा दुसरा उगम म्हणजे नळीचं टोक. नायलॉनची नळी पक्कडने किंवा जुन्या ब्लेडने कापली की टोक किंचित अंडाकार होतं, तिरकं होतं, काठाला बारीक कंगोरा राहतो. दाबून बसवायच्या सांध्यात रबराची एक बारीक रिंग असते; तिच्यावर तो कंगोरा घासला की संपलं. नळी कापायची छोटी कात्री चार-पाचशे रुपयांच्या मोलाची वस्तू आहे. ती घ्यावी, टोक काटकोनात कापावं, नळी आत ढकलावी आणि तळाला टेकल्यावर पुन्हा एकदा ढकलावी. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बघावं. मोठे बुडबुडे लगेच दिसतात. खरी परीक्षा बारीक फेसाची, जो दोन मिनिटांनी सांध्याभोवती पांढरी कड धरतो. रात्रभरात गाडी बसवणारी गळती तीच.

एल्डोराडो ब्रूमचा पराभव याच गोष्टींनी केला. त्या वेळचं रबर, त्या वेळचे व्हॉल्व, आणि मालक म्हणजे डॉक्टर-वकील, ज्यांनी टाकीची तोटी कधी बघितलेली नसणार. बसमध्ये मात्र हवा जिंकली. जनरल मोटर्सने १९५३ पासून आपल्या बसना हवेचं सस्पेन्शन दिलं आणि पुढे ते बसचं नेहमीचं अंग होऊन गेलं. बसमध्ये ब्रेकसाठी हवा असतेच, भार रिकाम्यापासून ठासून भरलेल्यापर्यंत बदलतो आणि डेपोत तिच्याकडे बघणारा माणूस असतो. आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्वोच्या बस आल्या आणि पुढे मुंबई-पुणे रस्त्यावर ‘शिवनेरी’त बसलेल्या लाखो प्रवाशांनी हा फरक अंगाने अनुभवला.

गाडी लोळवण्याच्या शौकाचा इतिहास वेगळा आहे आणि तो कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांचा आहे. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली नको असा कायदा तिथे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आला. त्यावर रॉन अगीरे यांनी १९५९ च्या सुमारास आपल्या ‘एक्स-सॉनिक’ कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले: चालवताना खाली, पोलीस दिसला की वर. त्या कायद्याची ती तरतूद १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाली. हायड्रॉलिकवाल्यांना उड्या हव्या असतात, हवावाल्यांना चाल. दोघांच्या गाड्या एकाच रांगेत उभ्या राहतात, पण सस्पेन्शनच्या मागण्या अगदी वेगळ्या.

भारतात जुन्या गाडीला हवा बसवायची तर कायदा आधी बघावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. जुन्या मर्सिडीजच्या ३००एसईएलसारख्या गाडीत मुळातच हवा होती. तिची हवा दुरुस्त करणं वेगळं, आणि स्प्रिंगवाल्या गाडीला नवी हवा लावणं वेगळं.

ज्याला खाली बसवायची नाही, फक्त डिकी भरली की मागचा भाग लोंबायला नको आहे, त्याच्यासाठी फार स्वस्त मार्ग आहे. मागच्या कॉइल स्प्रिंगच्या पोटात घालायची रबरी नळकांडी मिळतात. एक हवा भरायची टोपी बंपरजवळ आणायची आणि पेट्रोल पंपावर हवा भरायची. कॉम्प्रेसर नको, टाकी नको. कॅडिलॅकने स्वतः १९६५ पासून फ्लीटवूड मालिकेत हवेच्या मागच्या शॉकअपने उंची आपोआप सांभाळायची सोय केली होती, म्हणजे हा मार्ग त्या गाडीच्या स्वभावालाही धरून आहे. माझा स्वतःचा कौल बहुतेक मालकांसाठी यालाच जाईल.

चार बलूनचं काम करायचंच असेल तर काही गोष्टी टाळता येत नाहीत. बलूनभोवती, तो पूर्ण फुगलेला असतानाही, सगळीकडे बोटभर मोकळी जागा हवी. चॅसीच्या कडेला घासणारं रबर महिन्याभरात फाटतं. हवा पूर्ण गेली तरी गाडी रबराच्या ठोकळ्यांवर टेकली पाहिजे, बलूनच्या तबकड्यांवर नाही. अलाइनमेंट चालवायच्या उंचीवरच करावं. ब्रेकची नळी गाडी पूर्ण वर असताना ताणली जात नाही ना, ते बघावं. आणि हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय कुणीही, क्षणभरही शिरायचं नाही. एक सांधा निसटला की दोन टन खाली येतात, आणि ते आवाज देऊन येत नाहीत.

शेवटची बाब चॅसीची. बाजारातले काही स्वस्त संच बसवायला स्प्रिंगची खोबण कापावी लागते. असा संच घेऊ नये. सहा दशकं टिकलेली चॅसी कापली की परतीची वाट बंद होते आणि विकतानाही गाडीची किंमत पडते. बोल्टने बसणारा संच थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, आणि काढलेल्या चार कॉइल स्प्रिंगा ग्रीस लावून, कोणती कुठली ते रंगाने खुणा करून ठेवून द्याव्यात. पुढच्या मालकाला त्या लागू शकतात.