झाडं मोजली, चिखल राहिला

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली, ‘मायनस’मध्ये गेलं की इंदापूर तालुक्यात कुंभारगाव, डिकसळच्या काठाला चिखल उघडा पडतो. कुठे गाळपेर होते, कुठे रोहित पक्षी उलटी चोच घालून गाळ चाळत असतात. ठाण्याच्या खाडीतही त्यांचे थवे चिखलावरच पोसतात. पण तिथे कडेला तिवरं, म्हणजे खारफुटी, आहेत, आणि देशाच्या हवामान-वचनात जागा मिळाली ती तिवरांना. चिखलाला नाही.

किनाऱ्यालगतच्या पाणथळींत साठणाऱ्या कार्बनसाठी ‘ब्लू कार्बन’ हे नाव 2009 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालामुळे रूढ झालं. खारफुटी, खारी दलदल आणि समुद्रगवतातला कार्बन कसा मोजायचा, याची रीत संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, आयपीसीसीने, 2013 मध्ये घालून दिली. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये भारताने वचन दिलं ते मात्र वन आणि वृक्षाच्छादनाचं: 2030 पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषायचा. 2022 मध्ये इतर उद्दिष्टं वाढली, हे तसंच राहिलं. खारफुटी त्यात वनाच्या खात्यातच जमा होते.

महाराष्ट्राने खारफुटी राखली, पण कार्बनसाठी नव्हे. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने तोडीला लगाम घातला, 2012 मध्ये खारफुटीसाठी वन खात्याचा कांदळवन कक्ष आला, 2022 मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याची खारफुटी 2017 मध्ये 304 चौरस किलोमीटर होती, 2021 मध्ये 324. कोर्टाच्या धाकाने जे साधलं ते नुसत्या हवामान करारांनी साधलं असतं, असं मला वाटत नाही.

2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खारफुटी लागवडीची ‘मिष्टी’ योजना आली. तिचं लक्ष्य 540 चौरस किलोमीटर. इथे सावध व्हायला हवं. खारफुटीचा बराचसा कार्बन झाडात नसतो, मुळाखालच्या गाळात असतो, तोही कित्येक फूट खोल. आपलं वन सर्वेक्षण मातीतला कार्बन धरतं तो 30 सेंटिमीटरपर्यंत. रोपांचेच आकडे दाखवायचे म्हटलं की उघड्या चिखलावर लागवडीचा मोह होणार, आणि पक्ष्यांचं ताट तिथेच आहे.

मग उजनीचं काय? 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेली जलाशयं वगळलेली आहेत, त्यामुळे उजनीकाठच्या भिगवणचे पक्षी कागदोपत्री पाणथळीवर उतरतच नाहीत! तरी ‘आमचाही कार्बन धरा’ म्हणण्याआधी थांबलेलं बरं. खाडीच्या खाऱ्या गाळात मिथेन कमी तयार होतो, कारण पाण्यातलं सल्फेट त्याला आवर घालतं. गोड्या पाण्यात तो आवर नाही. त्यात मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी येतं, जलपर्णी कुजते. धरणांतला मिथेन हिशेबात घेण्याची रीत आयपीसीसीने 2019 मध्ये दिली आहे, ती लावली तर उजनी जमेच्या नव्हे, नावेच्या बाजूला निघू शकेल. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था 2009 पासून आहे. मोजणारी माणसं फार लांबून आणायला नकोत.