अंधाऱ्या प्रेमकथेच्या दारावरची पाटी

हॅरी पॉटर मारला गेला आहे, दुष्ट जादूगार वॉल्डेमॉर्टने युद्ध जिंकलं आहे आणि हर्मायनी ग्रेंजर हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या तळाशी एका काळोख्या कोठडीत महिनोन्महिने एकटी डांबलेली आहे. ‘मॅनॅकल्ड’ ही कथा इथून सुरू होते. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या पहिल्या पुस्तकापासून ज्यांनी या हुशार, हट्टी मुलीला मोठं होताना पाहिलं, त्यांना पहिल्याच प्रकरणात धक्का बसतो. पुढे नव्या राजवटीचा हुकूम निघतो: जादूगारांची संख्या घटते आहे, तेव्हा कैदेतल्या स्त्रियांनी मुलं जन्माला घालायची. हर्मायनीची रवानगी होते ती ड्रेको मॅलफॉयच्या वाड्यावर. शाळेत पदोपदी तिचा अपमान करणारा तोच ड्रेको.

ही कथा ‘हॅरी पॉटर’च्या मूळ लेखिका जे. के. रोलिंग यांची नव्हे. सेनलिनयू या नावाने लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाने ती २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध केली. ७७ प्रकरणं, सुमारे ३ लाख ७० हजार शब्द, आणि वाचायला एक पैसाही लागत नव्हता. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रं आणि त्यांचं जग घेऊन चाहत्यांनी हौसेनं लिहिलेल्या अशा कथांना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. त्यातल्या ज्या प्रेमकथा अपहरण, कैद, जबरदस्ती, सूड अशा अंधाऱ्या वाटांनी जातात, त्यांना वाचक ‘डार्क रोमान्स’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत अनेक नव्या वाचकांची या दालनाशी पहिली ओळख झाली ती ‘मॅनॅकल्ड’मुळेच.

अशी कथा पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. असलं काही कोणी लिहितं का? आणि मला ते वाचवत कसं काय आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरीच जुनी आहेत.

इंग्लंडमध्ये १७४७-४८ साली सॅम्युअल रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ ही प्रचंड कादंबरी खंडाखंडाने प्रसिद्ध होत होती. लव्हलेस नावाचा देखणा, लबाड उमराव क्लॅरिसाला फसवून घराबाहेर काढतो, कोंडून ठेवतो, गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. शेवटी ती मरते. खंड अजून यायचे होते तेव्हाच लेडी ब्रॅडशॉ या वाचक बाईंनी टोपणनावाने रिचर्डसनला पत्रं लिहून विनवण्या केल्या, की शेवट गोड करा, लव्हलेसला सुधारा. रिचर्डसन बधले नाहीत. लेडी ब्रॅडशॉ यांच्या बहिणीनं, लेडी एकलिन यांनी, मग स्वतःच वेगळा शेवट लिहून काढला. आवडत्या पात्राचं भवितव्य लेखकाच्या हातून काढून घ्यायचं, ही ऊर्मी म्हणजेच फॅन फिक्शन. आणि ती उफाळून आली होती एका अत्यंत अंधाऱ्या कथेवरून.

विसाव्या शतकात हीच सामग्री बाजारात आली. ई. एम. हल या इंग्रज लेखिकेच्या १९१९ सालच्या ‘द शेख’ या कादंबरीत अल्जीरियाच्या वाळवंटात फिरायला निघालेल्या डायना मेयोला एक शेख पळवतो, तिच्यावर बलात्कार करतो आणि पुढे ती त्याच्याच प्रेमात पडते. पुस्तक तुफान खपलं. १९२१ मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन त्यावर चित्रपट निघाला. बलात्कार मात्र पडद्यावर येऊ दिला नाही. शेवटी शेख मुळात युरोपीय आईबापांचा निघतो, म्हणजे त्या काळच्या वंशभेदालाही धक्का लागत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली. नायकच नायिकेवर जबरदस्ती करतो आणि मग त्यांचं प्रेम जुळतं, अशा ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची तिच्यामागून रीघ लागली.

या सगळ्या पुस्तकांत एक गोष्ट समान होती. आत काय आहे हे वाचकाला आधी कोणी सांगत नव्हतं. मुखपृष्ठावर वाऱ्यावर उडणारे केस आणि मिठी, आणि शंभरेक पानांनंतर एकाएकी बलात्कार. फॅन फिक्शनने बदल घडवला तो इथे.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, म्हणजे चाहत्यांच्या बोलीत ‘एओथ्री’, हे आज अशा कथांचं सर्वांत मोठं भांडार आहे. त्याचा जन्म चिडीतून झाला. २००२ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ने प्रौढांसाठीच्या कथा काढून टाकल्या. २००७ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ या ब्लॉग-संकेतस्थळाने शेकडो खाती एकाएकी बंद केली, त्यात चाहत्यांची खातीही गेली, लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांच्या चर्चाही गेल्या. दुसऱ्याच्या जागेत राहून आपलं लेखन टिकणार नाही, हे ओळखून चाहत्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, त्याच वर्षी ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही संस्था काढली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये एओथ्री सर्वांसाठी खुलं केलं. ते स्वयंसेवक आणि देणग्या यांवर चालतं. जाहिराती नाहीत. कथा १ कोटीहून अधिक. २०१९ मध्ये विज्ञानकथा-जगतातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही त्याला मिळाला.

इथला नियम साधा आहे. काय लिहायचं यावर बंधनं कमीत कमी, पण काय लिहिलं आहे ते आधी सांगायचं. प्रत्येक कथेच्या माथ्यावर एक चौकट असते. पहिल्या ओळीत कथा कोणत्या वयोगटासाठी आहे ते. दुसऱ्या ओळीत चार ठरलेल्या इशाऱ्यांपैकी लागू असतील ते: तीव्र हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा असंमत संबंध, अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. यातलं काही नसेल तर तसं लिहायचं. इशारे द्यायचेच नसतील तर ‘लेखकाने इशारे न देणं पसंत केलं आहे’ असंही नोंदवायचं. म्हणजे आत काहीही असू शकतं हे वाचकानं समजून घ्यावं. त्याखाली मूळ कलाकृती, जोडी, पात्रं आणि मग लेखकाने स्वतःहून जोडलेल्या खुणा, म्हणजे ‘टॅग’. शेवटी शब्दसंख्या आणि किती प्रकरणं झाली तो आकडा. प्रौढांसाठीची कथा उघडताना आणखी एक पान आडवं येतं आणि पुढे जायची तयारी आहे का, असं विचारतं.

टॅगची भाषा नव्या वाचकाला गूढ वाटते. ‘नॉनकॉन’ म्हणजे संमतीविना. ‘डबकॉन’ म्हणजे संमती संशयास्पद: भीतीपोटी, नाइलाजाने किंवा जादूच्या अमलाखाली दिलेली. ‘अँग्स्ट’ म्हणजे मानसिक घुसमट. सर्वांत चक्रावून टाकणारा टॅग ‘डेड डव्ह: डू नॉट ईट’. तो ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या अमेरिकी विनोदी मालिकेतून आला. त्यात नायकाला फ्रिजमध्ये एक कागदी पिशवी सापडते. वर लिहिलेलं असतं, की आत मेलेलं कबूतर आहे, खाऊ नये. तो पिशवी उघडतो. आत मेलेलं कबूतरच असतं. हा टॅग लावणारा लेखक सांगत असतो, की वरची यादी शब्दशः खरी आहे, काही मवाळ होईल अशी आशा धरून आत येऊ नका.

‘मॅनॅकल्ड’च्या माथ्यावर हिंसा, मृत्यू आणि बलात्कार हे तिन्ही इशारे होते. ते वाचून आत शिरलेल्यांनाही ती कथा पेलणं सोपं गेलं नाही, आणि ते तिच्या बांधणीमुळे. मार्गारेट ॲटवूड यांच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’वरून तिला प्रेरणा मिळाली होती. पहिल्या भागात हर्मायनीच्या स्मृतीचा एक मोठा तुकडा गायब आहे. तिच्या मनानं तो स्वतःच कुलूपबंद केला आहे आणि तो उघडणं हे ड्रेकोचं काम आहे. मग कथा भूतकाळात जाते. युद्ध अजून चालू आहे, हर्मायनी जखमींवर उपचार करणारी वैद्य आहे, आणि शत्रूच्या गोटातून गुप्त बातम्या पुरवणारा ड्रेको आहे. वाचकाला आता शेवट माहीत आहे, पात्रांना नाही. त्यांची प्रत्येक भेट, प्रत्येक लहानसा विश्वास त्यामुळे जीवघेणा होतो. पहिल्या भागातली क्रूर वाटलेली वाक्यं परत जाऊन वाचली की त्यांचा अर्थच पालटतो.

हे फॅन फिक्शनमध्येच इतकं जमतं, कारण पात्रांची ओळख करून देण्यात एक पानही खर्ची पडत नाही. हर्मायनी मुळात कशी आहे हे सात पुस्तकांनी सांगून ठेवलं आहे. ती गप्प बसली की ते गप्प बसणं काय किमतीचं आहे हे वाचकाला बरोबर कळतं.

अशा कथांमध्ये वाचकाला रस का वाटतो, याचा गंभीर शोध जॅनिस रॅडवे या अमेरिकी संशोधिकेने १९८४ सालच्या ‘रीडिंग द रोमान्स’ या पुस्तकात घेतला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका गावात (पुस्तकात त्याला स्मिथटन हे बनावट नाव दिलं आहे) एका पुस्तकविक्रेत्या बाईंच्या सल्ल्याने प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी त्या बोलल्या. या वाचक डोळे मिटून काहीही गिळत नव्हत्या. निव्वळ क्रौर्य त्यांना आवडत नसे; अशी पुस्तकं त्या बाजूला ठेवत. आवडत्या पुस्तकांत मात्र नायकाचा कठोरपणा उलगडून त्यामागचं कारण हाती लागावं, असं त्यांना वाटे. पुरुषाच्या ताकदीची जी भीती स्त्रीच्या रोजच्या जगण्यात असते, ती त्या पानांत सुरक्षितपणे हाताळता येते, हे रॅडवे यांनी दाखवलं. त्याच वेळी, अशा वाचनाने बाहेरची परिस्थिती जराही बदलत नाही आणि हिंसेला प्रेमाचं रूप मानायची सवय लागू शकते, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

हा धोका खराच आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकांपुरता नाही. २०११ मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेल्या ‘इस प्यार को क्या नाम दूँ’ या मालिकेत अर्णव गैरसमजापोटी खुशीला धमकावून सहा महिन्यांच्या करारी लग्नाला उभं करतो. तिच्या बहिणीचं लग्न मोडण्याची धमकी देतो. घराघरांत संध्याकाळी बघितली जाणारी ही मालिका होती. तिच्यावर कुठलाही इशारा नव्हता. चाहत्यांनी तिच्यावर ढीगभर फॅन फिक्शन लिहिलं. त्यातल्या कित्येक कथांत अर्णवला त्या जबरदस्तीचा जाब द्यावा लागतो. मूळ कथेने सोडून दिलेला हिशेब चाहते पुरा करतात, असंही या लेखनात घडतं.

आता हे लेखन पुस्तकांच्या दुकानात पोचलं आहे. ‘ट्वायलाइट’ या कादंबरीमालिकेच्या फॅन फिक्शनमधून निघालेल्या ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आणि तिच्या पुढच्या भागांच्या १० कोटींहून अधिक प्रती खपल्या, तेव्हाच प्रकाशकांचं इकडे लक्ष गेलं होतं. ‘मॅनॅकल्ड’च्या बाबतीत वेगळाच पेच झाला. चाहत्यांची ही फुकट कथा काही जण बांधून, पुस्तक करून परस्पर विकू लागले. रोलिंग यांच्या पात्रांवर कोणी पैसा कमावू लागलं की कायद्याची टांगती तलवार लेखकाच्याच डोक्यावर येते. शेवटी कथा एओथ्रीवरून काढण्यात आली. पात्रं, देश, जादू सगळं बदलून ती नव्यानं लिहिली गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अल्केमाइज्ड’ या नावाने हजारावर पानांची कादंबरी म्हणून बाजारात आली. हर्मायनीची हेलेना मरिनो झाली, ड्रेकोचा केन फेरॉन. त्याच वर्षी ड्रेको-हर्मायनीच्या आणखी दोन गाजलेल्या फॅन फिक्शनमधून निघालेल्या कादंबऱ्याही आल्या.

दुकानात मात्र ती चौकट पुस्तकाच्या माथ्यावर नसते. काही लेखक सुरुवातीच्या पानावर इशारा छापतात, काही छापत नाहीत. समाजमाध्यमांवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत वाचक रडताना दिसते, पुस्तकाचं नाव दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. एओथ्रीची व्यवस्थाही निर्दोष नाही. तिथे वयाची पडताळणी होत नाही. तेरा-चौदा वर्षांचं मूल एक बटण दाबून आत जाऊ शकतं. तरीही आत काय आहे हे प्रामाणिकपणे सांगून मग लिहिण्याची मोकळीक घ्यायची, ही रीत प्रकाशकांनी या चाहत्यांकडून जशीच्या तशी उचलायला हवी. अंधाऱ्या कथा लिहिल्या जाव्यात. ज्यांनी अत्याचार भोगला आहे अशाही कित्येक जणी त्या लिहितात आणि वाचतात. पण दार उघडायचं की नाही, हा निर्णय वाचकाचाच राहिला पाहिजे.

तेव्हा अशी पहिली कथा वाचायला घेताना आधी वरची चौकट नीट वाचावी. अनोळखी टॅगचा अर्थ शोधावा. ‘इशारे न देणं पसंत केलं आहे’ असं दिसलं आणि मनाची तयारी नसेल, तर दुसरी कथा निवडावी. पूर्ण झालेली कथा घ्यावी. अर्धवट सोडलेल्या अंधारात वाचक अडकून पडतो. मध्येच नको वाटलं तर तिथेच थांबावं, शेवटपर्यंत वाचण्याचं कोणतंही बंधन नाही. आणि घरात किशोरवयीन मूल हे वाचताना दिसलं, तर फोन हिसकावू नये. त्याच्या शेजारी बसावं, त्या चौकटीतली एकेक ओळ दोघांनी मिळून वाचावी, आणि त्यातल्या नायकाचं वागणं मुलाला पटतं का, हे त्यालाच विचारावं.