अपारंपरिक मोटारसायकल : हस्तनिर्मिती, भूमिती आणि उत्तरदायित्व

गोषवारा : कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारसायकलीत स्वतःच्या कल्पनेनुसार बदल करणे किंवा संपूर्ण यंत्र स्वतंत्रपणे घडविणे, या प्रवृत्तीकडे सामान्यतः तरुणाईची हौस म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या प्रवृत्तीचा विचार तंत्रज्ञान, कारागिरी आणि कायदा या तीन अंगांनी केला आहे. अमेरिकेतील चॉपर तसेच न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो व जॉन ब्रिटन यांच्या कार्याच्या आधारे, यंत्राचा एक भाग बदलणाऱ्याने संपूर्ण यंत्राचे उत्तरदायित्व स्वीकारणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट केले असून त्या प्रकाशात भारतीय कायद्यातील तरतुदींचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : मोटारसायकल, चॉपर, रेक, ट्रेल, हस्तनिर्मिती, मोटार वाहन कायदा.

१. प्रस्तावना

मोटारसायकल हे आपल्या दैनंदिन जीवनातील अत्यंत परिचित यंत्र होय. महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या शेकडो दुचाकींपैकी काही मात्र चटकन वेगळ्या ओळखू येतात. एखादीचे हँडल उंच केलेले असते, एखादीचे मडगार्ड काढलेले असते, तर एखादीचा सायलेन्सर बदललेला असल्याने ती दिसण्यापूर्वीच ऐकू येते. अशा वाहनांविषयी दोन टोकाची मते आढळतात. काहींना त्यांत निव्वळ उच्छृंखलता दिसते, तर काहींना सर्जनशीलता. ही दोन्ही मते यंत्राच्या बाह्य रूपावर आधारलेली असल्यामुळे अपुरी आहेत. नेमके काय बदलले, त्या बदलाचा उर्वरित यंत्रावर कोणता परिणाम झाला आणि तो परिणाम कोणी तपासला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय अशा मोटारसायकलीचे मूल्यमापन करता येत नाही. या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने पुढील विवेचन केले आहे.

२. चॉपरचा उदय

मोटारसायकलीचे रूप बदलण्याची प्रथा अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापूर्वीच सुरू झाली होती. शर्यतीच्या हौशी चालकांनी आपल्या अवजड वाहनांचे पुढचे मडगार्ड काढून टाकले, मागचे आखूड केले आणि अनावश्यक भाग कमी केले. यामागील हेतू वजन घटविण्याचा, म्हणजे पूर्णतः व्यावहारिक होता. या प्रकारास ‘बॉबर’ असे नाव मिळाले. युद्धोत्तर काळात लष्कराकडील शिल्लक मोटारसायकली स्वस्तात उपलब्ध झाल्या आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांमध्ये ही प्रथा वाढीस लागली. पुढे केवळ भाग काढून न थांबता सांगाडाच कापून नव्याने जोडण्यापर्यंत मजल गेली. पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, लांबविला गेला, हँडल उंच झाले आणि आसन खाली आले. ‘चॉपर’ हे नाव या कापाकापीवरूनच आले. बॉबरमधील बदल वेगासाठी होता, तर चॉपरमध्ये रूपाला प्राधान्य मिळाले, हा या स्थित्यंतराचा गाभा होय.

१९६९ साली प्रदर्शित झालेल्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने चॉपर जगभर पोचविली. त्यातील ‘कॅप्टन अमेरिका’ नावाची वाहने पोलीस दलाने लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींपासून तयार करण्यात आली होती. त्यांच्या घडणीमागे क्लिफ व्हॉज व बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय अमेरिकी कारागीर होते. चित्रपटाचे नायक व दिग्दर्शक जगप्रसिद्ध झाले. या दोघांची नावे मात्र चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हती आणि पुढे कित्येक दशके ती फारशी कोणाला ठाऊकही नव्हती. २०१४ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ म्हणून लिलावात आलेल्या एका मोटारसायकलीस साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली आणि ती मूळचीच आहे काय, यावर वाद झाला. घडविणाऱ्याचे नाव यंत्रासोबत टिकले नाही, तर यंत्राची खरी ओळखही संदिग्ध होते, हे या उदाहरणावरून दिसून येते. श्रेय आणि उत्तरदायित्व या एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याने हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

३. रेक व ट्रेल : बदलाची भूमिती

लांब चिमटा हा केवळ शोभेचा भाग आहे काय, हे समजण्यासाठी दोन संज्ञा जाणून घेणे आवश्यक आहे. हँडल ज्या दांड्याभोवती फिरते, तो दांडा सरळ उभा नसून मागे कललेला असतो. उभ्या रेषेशी होणाऱ्या त्याच्या कोनास ‘रेक’ म्हणतात. नेहमीच्या मोटारसायकलीत हा कोन साधारणतः २४ ते २८ अंशांच्या दरम्यान आढळतो. हीच कललेली रेषा जमिनीपर्यंत वाढविली, तर पुढचे चाक जमिनीला जेथे टेकते त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधील अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात.

ट्रेलचे कार्य रुग्णालयातील स्ट्रेचरच्या लहान चाकांवरून सहज ध्यानात येते. स्ट्रेचर ढकलताच ती चाके आपल्या खुंटीच्या मागे येऊन सरळ रांगेत राहतात. मोटारसायकलीचे पुढचे चाकही याच तत्त्वाने चालण्याच्या दिशेत स्थिर राहू पाहते. ट्रेल फार कमी झाला तर हँडल चंचल होते; फार वाढला तर सरळ रस्त्यावर वाहन स्थिर वाटते, परंतु वळविणे जड जाते.

हा परिणाम किती मोठा असतो, ते एका साध्या गणिताने दाखविता येईल. पुढच्या चाकाची त्रिज्या ३१० मिलिमीटर आणि हँडलच्या आसरेषेपासून चाकाचा आस ४० मिलिमीटर पुढे आहे, असे मानू. रेक २५ अंश असताना ट्रेल सुमारे १०० मिलिमीटर येतो. अन्य काहीही न बदलता रेक ४० अंश केला, तर तोच ट्रेल सुमारे २०८ मिलिमीटर होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. याच वेळी आणखी एक परिणाम घडतो. हँडल वळविताना वाहनाची पुढची बाजू किंचित खाली येते आणि त्यामुळे मंद गतीत हँडल आपोआप एका बाजूस कलंडू पाहते. वरील उदाहरणात ही प्रवृत्ती अडीच पटींहून अधिक वाढते. परिणामी, मोकळ्या महामार्गावर डौलदार वाटणारी चॉपर गर्दीच्या चौकात चालकाची दमछाक करते.

जाणकार कारागीर यावर उपाय करतात. चिमटा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना वेगळा कोन देऊन वाढलेला ट्रेल पुन्हा कमी करता येतो. मात्र हाच उपाय मूळ सांगाड्याचा कोन न बदलता केवळ अनुकरणाने केला, तर ट्रेल धोकादायक पातळीपर्यंत घटतो. एकच सुटा भाग एका वाहनात दोष दूर करतो आणि दुसऱ्या वाहनात दोष निर्माण करतो. यावरून मोटारसायकल ही सुट्या भागांची बेरीज नसून परस्परावलंबी घटकांची एक व्यवस्था आहे, हे सिद्ध होते.

४. मन्रो व ब्रिटन : दोन निर्माते, दोन पद्धती

अपारंपरिक निर्मितीचा दुसरा प्रवाह न्यूझीलंडमध्ये दिसतो. मोठ्या कारखान्यांपासून दूर असलेल्या या देशात जे मिळत नाही ते स्वतः करणे क्रमप्राप्त होते. इन्व्हरकार्गिल येथील बर्ट मन्रो (१८९९-१९७८) यांनी १९२० साली ६०० घन सेंटिमीटर क्षमतेची ‘इंडियन स्काउट’ मोटारसायकल घेतली आणि पुढे अनेक दशके त्याच एका यंत्रावर काम केले. पिस्टन त्यांनी स्वतः ओतले, कनेक्टिंग रॉड स्वतः घडविले आणि मोडलेले भाग फेकून न देता फळीवर मांडून ठेवले. ते मोडके भाग म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेची नोंदवहीच होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९६७ साली अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर, इंजिनाची क्षमता ९५० घन सेंटिमीटरपर्यंत नेलेल्या याच यंत्रावर त्यांनी १,००० घन सेंटिमीटरखालील गटात ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला. मूळ आकडेमोडीतील चूक लक्षात आल्यावर २०१४ मध्ये हा वेग १८४.०८७ मैल, म्हणजे ताशी सुमारे २९६ किलोमीटर असा दुरुस्त करण्यात आला.

मन्रो यांनी एकाच यंत्रात क्रमाक्रमाने सुधारणा केली. ख्राइस्टचर्च येथील जॉन ब्रिटन (१९५०-१९९५) यांनी मात्र मोटारसायकल कशी असावी, याचा मुळापासून फेरविचार केला. त्यांना बालपणापासून वाचनअक्षमता होती. अभियांत्रिकीतील त्यांची गती मात्र त्यामुळे रोखली गेली नाही. त्यांच्या ‘ब्रिटन व्ही-१०००’ या मोटारसायकलीत प्रचलित सांगाडाच नव्हता. इंजिन हाच भार पेलणारा मुख्य भाग होता. रेडिएटर चाकामागे न ठेवता आसनाखाली बसविलेला होता. मागच्या चाकाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर इंजिनाच्या पुढे होता. चाके, चिमटा व मागची भुजा कार्बन तंतूंची होती. या प्रत्येक बदलामागे कारण होते. रेडिएटर आसनाखाली गेल्यामुळे यंत्राचा पुढील छेद अरुंद ठेवता आला आणि हवेचा विरोध कमी झाला. दिसण्यातील वेगळेपण हे येथे विचाराचे फलित होते.

१९९२ साली डेटोना येथील शर्यतीत ही मोटारसायकल आघाडीवर असताना विद्युतव्यवस्थेतील एका किरकोळ बिघाडाने बंद पडली. १९९४ मध्ये मात्र तिने तेथे विजय मिळविला. पुढच्याच वर्षी ब्रिटन यांचे कर्करोगाने निधन झाले. या प्रकारच्या केवळ दहा मोटारसायकली तयार झाल्या.

या दोन्ही निर्मात्यांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. त्यांची यंत्रे प्रामुख्याने रस्त्यावर नव्हे, तर मैदानावर व शर्यतमार्गावर सिद्ध झाली. तेथे घड्याळ होते, परीक्षक होते, आणि चालकाने जोखीम जाणीवपूर्वक पत्करलेली होती. सार्वजनिक रस्त्यावर बदललेल्या वाहनाची जोखीम चालकाबरोबर पादचारी, शाळकरी मुले आणि समोरून येणारा अनोळखी प्रवासी हेही सोसतात. त्यांनी ती पत्करलेली नसते. म्हणून कायद्याचा विचार अपरिहार्य ठरतो.

५. भारतीय कायद्याची भूमिका

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने समाविष्ट केलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. महाराष्ट्रातील काही शहरांत पोलिसांनी कर्कश सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये वाचकांच्या स्मरणात असतील. ध्वनिप्रदूषणाचा त्रास पाहता ही कारवाई समर्थनीयच आहे.

तथापि, कायद्यास सर्वच बदल त्याज्य वाटतात असे नाही. दिव्यांग व्यक्तींसाठी मागील बाजूस दोन जादा चाके जोडलेली स्कूटर आपण नेहमी पाहतो. तांत्रिकदृष्ट्या तीही अपारंपरिक दुचाकीच होय. तिच्या मालकाच्या नोकरीची, शिक्षणाची व स्वावलंबनाची भिस्त त्या बदलावर असते. ‘अनुकूलित वाहन’ ही संकल्पना कायद्याने मान्य केली आहे, कारण येथे बदलाचे प्रयोजन स्पष्ट आहे.

अडचण आहे ती या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही अशा प्रमुख संस्थांपैकी एक होय. परंतु ही व्यवस्था हजारो वाहने बनविणारा कारखाना गृहीत धरते. एकच यंत्र घडविणाऱ्या कारागिरास किंवा विद्यार्थ्यास ती आर्थिकदृष्ट्या झेपणारी नाही. ब्रिटनमध्ये २००३ पासून मोटारसायकलींसाठी एकल वाहन मान्यता पद्धती आहे. हाताने घडविलेली एकेक मोटारसायकल तेथे तपासून घेता येते. अशी सुटसुटीत परीक्षापद्धती आपल्याकडे रुळलेली नाही. त्यामुळे विचारपूर्वक केलेला बदल आणि अविचाराने केलेला बदल एकाच मापाने मोजले जातात. ज्याला नियमानुसार काम करायचे आहे त्याला वाट सापडत नाही, आणि ज्याला नियमाची पर्वा नाही त्याचे गल्लीतील काम चालूच राहते.

६. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मोटारसायकलीतील कोणताही रचनात्मक बदल एकटा नसतो; एका कोनात केलेला बदल संपूर्ण यंत्राच्या वर्तनात उमटतो. दोन, अपारंपरिकतेचे मूल्य बाह्य रूपावरून न ठरविता बदलामागील प्रयोजन आणि परीक्षण यांवरून ठरवावे लागते. तीन, निर्मात्याचे नाव यंत्राशी जोडलेले असणे हे श्रेयासाठी जितके आवश्यक आहे, तितकेच उत्तरदायित्वासाठीही आवश्यक आहे. निनावी कारागिरास जसे श्रेय मिळत नाही, तसा त्यास जाबही विचारता येत नाही.

या संदर्भात महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे. त्रिकोणमितीच्या तासाला ट्रेलचे गणित मांडता येईल. विज्ञान व अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत बदलापूर्वीची आणि बदलानंतरची मापे नोंदविण्याची सवय लावता येईल. विधी शाखेत कलम ५२ ची चर्चा प्रत्यक्ष उदाहरणांसह करता येईल. आवारात उभी असलेली उंच हँडलची मोटारसायकल पाहून विद्यार्थ्यास दटावणे सोपे आहे. मात्र तिचा ट्रेल किती आहे, असे त्याला विचारले, तर तो उत्तर शोधू लागेल, आणि ते सापडल्यानंतर कदाचित आपले हँडल स्वतःच पूर्ववत करील.