कार्ड अभ्यासाचे की खेळाचे?

आपल्याकडे घरात मोठी वस्तू घ्यायची म्हटली की सगळ्यांचे मत लागते. फ्रीज केवढा, गाडी कुठली, यावर आजीपासून धाकट्यापर्यंत सगळे बोलतात. अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये. पण मुलाने ‘ग्राफिक्स कार्ड पाहिजे’ म्हटले की घर गप्प होते, कारण त्यातले कुणालाच काही कळत नाही. मग वडील एकच प्रश्न विचारतात, “याक बेकु?” आणि मुलाचे उत्तर ठरलेले असते, “ओदाक!”

या एका उत्तरापायी चुकीचे कार्ड घरात येऊ शकते, असे माझे मत आहे. कसे, ते सांगतो.

२०२३ च्या दिवाळीत धारवाडहून बहिणीचा फोन आला. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. घरातल्या कॉम्प्युटरला बसवायला त्याने दोन कार्डे शोधून काढली होती. एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. त्यावरून बाप-लेकांचे बोलणे बंद झाले होते. “तू कॉलेजात शिकवतोस ना, मग तूच काय ते सांग,” बहीण म्हणाली. मी अर्थशास्त्र शिकवतो. पण मामाला सुटका नसते. दोन संध्याकाळी बसून समजून घेतले.

साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून जास्त. खेळ सुरळीत दिसायला सेकंदाला ६० चित्रे लागतात. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके रंगवायचे! हे काम ग्राफिक्स कार्ड करते. स्वयंपाकघरात पाहायचे तर कार्डाचा वेग म्हणजे आचाऱ्याचा हात, आणि कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे ओटा. हात कितीही चपळ असला, तरी ओट्यावर सामान मावले नाही की आत-बाहेर खेपा घालाव्या लागतात. तेवढा वेळ खेळ अडखळतो.

आता दोन्ही कार्डे पाहा. ३०६० आले २०२१ मध्ये, मेमरी १२ जीबी. ४०६० आले २०२३ मध्ये, मेमरी ८ जीबी. नवीन कार्डाला ओटा लहान! पण त्याचा हात चपळ आहे. साध्या पडद्यावर बहुतेक खेळांत ते जुन्याच्या पुढेच राहते. वीजही कमी खाते. जुन्याला १७० वॅट लागतात, नव्याला ११५. रोज चार तास पूर्ण भाराने चालवले, तर वर्षाकाठी सुमारे ८० युनिटांचा फरक पडतो. शिवाय दोन चित्रांच्या मध्ये आणखी एक चित्र स्वतः तयार करून घालण्याची सोय ४०६० मध्ये आहे. त्याने हालचाल मऊ दिसते. मात्र बटण दाबल्यावरचा प्रतिसाद जलद होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मग १२ जीबी कुणाला लागतात? ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर मोठी त्रिमिती दृश्ये उभारणाऱ्याला, घरच्या कॉम्प्युटरवर ए.आय.ची मॉडेल्स चालवून शिकणाऱ्याला, आणि काही जड खेळ सर्वांत वरच्या सेटिंगवर खेळू पाहणाऱ्याला. मार्च २०२३ मध्ये कॉम्प्युटरवर आलेला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ हा खेळ वरच्या सेटिंगवर ८ जीबीत मावत नव्हता.

भाच्याने वडिलांना सांगितले होते ३०६०. कारण? “१२ जीबी आहेत, ए.आय. शिकायला लागतात.” मी त्याला म्हटले, “गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवर काय काय केलेस, तेवढे कागदावर लिही.” त्याने प्रामाणिकपणे लिहिले. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक, जीटीए फाइव्ह, कॉलेजचे ‘सी’चे प्रोग्रॅम. ब्लेंडर दोनदा उघडले होते. ‘सी’च्या प्रोग्रॅमला तर असले कार्ड लागतच नाही, आणि हे तिन्ही खेळ साध्या पडद्यावर ८ जीबीत आरामात चालतात. कागदाकडे बघत तो हळूच म्हणाला, “मामा, खरं सांगू? ओदाक अल्ल, आडाक बेकु.”

म्हणजे मनात होते ४०६०, आणि मागत होता ३०६०. कारण खेळासाठी पैसे मागायची त्या घरात सोय नव्हती.

हे त्याने त्याच रात्री वडिलांना सांगितले. भावजी बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “इष्टु दिन याक हेळलिल्ल?” लगेच होकार दिला असे नाही. सेमिस्टरची परीक्षा होईपर्यंत थांबायला लावले, आणि निम्मे पैसे त्याने साठवलेल्यातून घातले. मग ४०६० आले. आता काही नव्या खेळांत त्याला सेटिंग खाली आणावे लागते. पण ते होणार हे त्याला माहीत होते, म्हणून कुरकुर नाही.

पालकांनो, ही दोन कार्डे आता मागे पडली, पण पेच तोच आहे. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० लाही मेमरी ८ जीबीच आहे. ५०६० टीआय तर एकाच नावाने ८ आणि १६ अशा दोन्ही मेमरीत मिळते. ३०६० चाही ८ जीबीचा एक प्रकार २०२२ मध्ये निघाला होता, आणि तो १२ वाल्यापेक्षा संथ आहे. तेव्हा नुसता नंबर पाहून पैसे देऊ नका, खोक्यावरची मेमरी वाचा. सेकंडहँड घेताना तर हटकून वाचा.

आणि दुकानात जाण्याआधी मुलाला विचारा. पडदा कुठला आहे? गेल्या महिन्यात खरोखर काय काय केलेस? हे कार्ड किती वर्षे वापरणार? उत्तर ‘ओदाक’ असेल तर आनंदच आहे, मोठ्या मेमरीचे घ्या. ‘आडाक’ असेल तर रागावण्याआधी एवढे लक्षात घ्या, की मुलगा तुमच्याशी खरे बोलला आहे. नाही म्हणायचा तुमचा अधिकार आहेच. पण खरे बोलल्याबद्दल त्याला बोलणी बसली, तर पुढच्या खेपेला उत्तर पुन्हा ‘ओदाक’च येईल.