टाक्यातले पाणी पिण्याआधी

सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांवर भटक्यांची तहान टाक्यांवर, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदांवर भागते. परंतु तेथील पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात जंतू असू शकतात, म्हणून ते शुद्ध केल्याखेरीज पिऊ नये. गढूळ पाणी आधी चौपदरी सुती कापडातून गाळावे, कारण गाळामुळे क्लोरीनच्या गोळीचा प्रभाव घटतो. गोळी टाकल्यावर साधारण अर्धा तास थांबावे लागते आणि दमलेल्या माणसाकडून नेमके हेच पाळले जात नाही. क्लोरीनला सहसा दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी मात्र उकळल्याने मरतो. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे २,००० मीटरच्या वर खळखळती उकळी तीन मिनिटे टिकवावी, असे सांगितले जाते; महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईच १,६४६ मीटर उंच असल्याने येथे एक मिनिट पुरते. उन्हाळ्यात बरीच टाकी आटतात आणि सोबत घेतलेल्या प्रत्येक लिटरमागे पाठीवर एक किलो वाढतो, तेव्हा कोणत्या टाक्यात पाणी आहे हे पायथ्याच्या गावातच विचारून घ्यावे.