गिरणगावाचे मत कोणाच्या खात्यात?

‘गिरणगाव आधी लाल होते, मग भगवे झाले’ हे वाक्य मुंबईवरच्या निम्म्या लेखांत सापडते. निकालांचे जुने आकडे समोर घेतले की मात्र ते पहिल्याच पायरीवर अडखळते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत 1957 मध्ये कॉम्रेड डांगे इथून लोकसभेवर गेले. 1962 मध्ये, म्हणजे मुंबईसह महाराष्ट्र मिळाल्यावर, तेच डांगे काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले आणि 1967 मध्ये पुन्हा निवडून आले. गिरण्यांचे भोंगे जोरात वाजत होते तेव्हाही हे मत कोणी गृहीत धरावे असे नव्हते.

1970 ची परळची पोटनिवडणूक तर नीट वाचायलाच हवी. भाकपचे आमदार कृष्णा देसाई यांचा 5 जून 1970 रोजी खून झाला. रिकाम्या जागेवर पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. ते जिंकले आणि विधानसभेतले सेनेचे पहिले आमदार झाले. डाव्यांच्या अस्ताची तारीख म्हणून हाच निकाल दाखवला जातो. फरक होता 1,679 मतांचा! सेनेने सारी ताकद लावूनही परळ जवळजवळ मधोमध दुभंगले होते. एवढ्याशा फरकाला ‘अस्त’ म्हणणे मला घाईचे वाटते.

हे दुभंगणे चाळी-चाळींमध्ये होते तसे एकाच खोलीतही होते. कामगार पाळीवर गेला की लाल बावट्याचा, घरी आला की शाखेतला. यात त्याला काही विसंगत वाटत नसे. त्याचे एक कारण कायद्यात आहे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता मिळे, आणि कापड धंद्यात ती काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. मालकाशी करार त्यांनी करायचा, संपाला हाक दुसऱ्याने द्यायची. पगार, लढा आणि मत यांची खाती वेगवेगळी ठेवायची सवय इथल्या माणसाला अशी गिरणीतच लागली.

चाळीतला हिशेब आणखी वेगळा. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गावकरी, खाली खानावळ, कोपऱ्यावर व्यायामशाळा, पलीकडे गणपतीचे मंडळ आणि शाखेचा फळा. शाळेचा दाखला, रुग्णालयातली खाट, पाण्याची तक्रार ही कामे युनियनच्या कचेरीत होत नसत. मतदानाच्या दिवशी टेबल टाकून बसलेला कार्यकर्ता यादीवर खुणा करत जाई आणि दुपारी तीनपर्यंत त्याला कळे, दुसऱ्या मजल्यावरचे कोण अजून उतरलेले नाही. मग पोरगा जिन्याने वर धावे. हे जाळे ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड.

तरीही 18 जानेवारी 1982 चा संप आला तेव्हा या जाळ्यालाही मत धरून ठेवता आले नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. 1984 च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने घेतल्या. सहावी, दक्षिण मध्य, डॉ. दत्ता सामंतांनी अपक्ष म्हणून जिंकली. संप तोवर हातातून गेला होता, चुली थंड होत्या, तरी मत संपाच्या नेत्याला पडले. 1989 मध्ये तीच जागा महाडिकांना मिळाली आणि 1991 पासून मोहन रावले सलग पाच वेळा निवडून आले. गिरणी बंद पडली तशी युनियनची कचेरी ओस पडत गेली; शाखा गल्लीतच होती. विचार बदलले यापेक्षा हे कारण मला अधिक पटते. 2004 मध्ये चिंचपोकळीतून दगडी चाळीचे अरुण गवळी आमदार झाले, ते तर कुठल्याच रंगात बसत नाही.

2008 च्या पुनर्रचनेत परळ आणि चिंचपोकळी ही मतदारसंघांची नावेच गेली. पुढच्याच वर्षी शिवडीत मनसेचे बाळा नांदगावकर सेनेला हरवून निवडून आले. सेनेवर रागावलेले मत दुसऱ्या ठाकऱ्यांकडे गेले, घराबाहेर पडले नाही.

मोजणीनंतर आयोग ‘नमुना 20’ मध्ये केंद्रवार आकडे देतो. त्यात चाळीचे केंद्र आणि टॉवरचे केंद्र शेजारी ठेवून पाहता येते, मात्र दार कोणते ते कळत नाही. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या मतदाराला दाखल्यासाठी शाखेची पायरी चढावी लागत नाही. वरळीत आदित्य ठाकरे 2019 मध्ये 67,427 मतांनी जिंकले, 2024 मध्ये 8,801 मतांनी. अर्थात हे सगळे टॉवरच्या माथी मारणे चूक. मधल्या काळात सेना फुटली होती, समोर मिलिंद देवरा होते आणि मनसेचाही उमेदवार रिंगणात होता. शिवडीत तर 2024 ची मुख्य लढत ठाकरे सेनेचे अजय चौधरी आणि मनसेचे नांदगावकर यांच्यातच झाली. नांदगावकरांना भाजपचा पाठिंबा होता, जिंकले चौधरी.

तारखेचाही वाटा असतो. 2024 ला लोकसभेचे मतदान 20 मे रोजी, सोमवारी होते. आंबे-फणसाच्या दिवसांत चाकरमानी कोकणात. शिवाय कित्येकांचे बिऱ्हाड आता विरार-डोंबिवलीला हलले आहे. कायद्याने नाव राहत्या जागीच हवे, पण लालबागच्या यादीतले नाव काढून घ्यायला मन होत नाही. अशांचे फोन नंबर कार्यकर्ते वेगळ्या वहीत ठेवतात.